जीबीएस पॉझिटिव्ह आलंय, मग औषध आत्ताच का देत नाहीत?

चांदणी: ३७वा आठवडा चालू आहे. स्वॅबमध्ये ग्रुप बी स्ट्रेप (जीबीएस) हे जंतू आले. डॉक्टर म्हणाल्या आत्ता काही नको, कळा सुरू झाल्या की शिरेतून अँटिबायोटिक देऊ. मला ताप नाही, जळजळ नाही, पण जंतू आहेत हे कळल्यावर नुसतं बसून राहायचं हे काही पटत नाहीये. बाळाला काही होणार नाही ना??

प्रसूतीनर्स: अगं घाबरू नकोस. हे जंतू आतड्यात राहतात, तिथून योनीमार्गात येतात, साधारण चारातल्या एका बाईत सापडतात. स्वच्छतेचा काही संबंध नाही, उगाच स्वतःला दोष देऊ नकोस. आत्ता गोळ्या घेतल्यास तर तेवढ्यापुरते जातील आणि बाळंतपणापर्यंत परत येतील, म्हणून औषध ऐन वेळी. पेनिसिलिनचा पहिला डोस मोठा, मग बाळ होईपर्यंत दर ४ तासांनी. बाळ व्हायच्या निदान ४ तास आधी पहिला डोस गेलेला चांगला, म्हणून कळा आल्या किंवा पाणी गेलं की लगेच निघ आणि पोचल्या पोचल्या सांग जीबीएस पॉझिटिव्ह आहे, फाइल कुणीतरी वाचेल या भरवशावर राहू नकोस. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आजच कळव, नुसतं पुरळ आलं होतं की श्वास लागला होता तेही सांग कारण दुसरं औषध त्यावरच ठरतं.

दोनपिल्लं: माझ्या तर लघवीतच निघाले होते, तेव्हा गोळ्या दिल्या पण पुढे स्वॅब घेतलाच नाही, बाळंतपणात थेट सलाईन. डोस संपला की नळी काढायचे, सुई तेवढी हातात, त्यामुळे कळांमध्ये फिरता आलं मला. बाळ छान आहे.

चांदणी: खूप बरं वाटलं वाचून. आणि सिझर ठरलं तर?

प्रसूतीनर्स: कळा नाहीत आणि पाणीही गेलेलं नाही अशा वेळी ठरवून सिझर केलं तर जीबीएससाठी वेगळं काही लागत नाही, सिझरचं नेहमीचं अँटिबायोटिक असतंच. अजून एक, औषध न देता सुद्धा अशा १०० बाळांत १-२ च आजारी पडतात, पण पडली तर प्रकरण गंभीर असतं म्हणून एवढी धडपड. आणि हे औषध पहिल्या आठवड्यातल्या आजारासाठी आहे, त्यानंतर ३ महिन्यांपर्यंत होणारा याने थांबत नाही. तेव्हा बाळ दूध ओढेना, कण्हायला लागलं, अंग गरम किंवा गार पडलं, उठवूनही जागं होईना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.