आजोबांचा शेफिल्डचा वस्तरा, मूठ नवीन करायचीये, मदत हवी

सातारकर_नातू:
मंडळी, आजीच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा सापडला. पात्याच्या बुडाशी शेफिल्ड, इंग्लंड असं कोरलेलं अजून वाचता येतं. पण मूठ पिवळट प्लॅस्टिकसारखी आहे ती चिकट झालीय, तडे गेलेत, कापराचा आंबूस वास येतो आणि गंज नेमका मुठीत मिटून राहणाऱ्या भागावरच आहे, बाहेरची शेपटी स्वच्छ. आजोबांच्या शिसवी पलंगाचा एक मोडका पाय माळ्यावर पडलाय, त्यातूनच नवीन मूठ करावी असं फार मनात आहे. धारवाला म्हणतो मशीनवर पाच मिनिटात चकाचक करून देतो. देऊ का? आणि जुनी मूठ टाकवत नाही, पात्याच्याच डबीत ठेवली तर चालेल ना?

करवत_छिन्नी:
धारवाल्याला अजिबात देऊ नका दादा!! वस्तऱ्याची धार इतकी पातळ की चाकावर क्षणात तापते, निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरला, मग धार टिकतच नाही. शिवाय वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवून घासतात, म्हणजे कोन पाठीच्या जाडीवर ठरतो, ती मशीनने खाल्ली की संपलं. गंजाला तेल आणि ६०० पासून २००० नंबरपर्यंतचा पाण्याचा पॉलिशपेपर, हाताने, पाठीकडून धारेकडे. खड्डे धारेपर्यंत गेले नसतील तर वस्तरा वाचला.

तुमची मूठ सेल्युलॉइडची दिसतेय, त्यात कापूर असतोच. ती कुजायला लागली की आम्लाची वाफ सोडते, गंज त्यानेच आलाय. म्हणून आधी मूठ काढा. मूठ पात्याला जोडणाऱ्या पिनेचं (रिव्हेटचं) डोकं बारीक कानशीने घासून सपाट करा, मग पंचने ठोकून बाहेर. गरम करू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. आणि हो, जुनी मूठ पात्यासोबत नकोच, वेगळी, हवेशीर जागी ठेवा.

मीनल_लाकूडकाम:
पलंगाचं शिसव म्हणजे मुरलेलं लाकूड, याहून चांगलं काय मिळणार. मुठीच्या दोन बाजूंच्या दोन पातळ फळ्या लाकडाच्या रेषेच्या दिशेने चिरा, आडव्या रेषेत चिरल्या तर पिनपाशी मोडतील. साधारण ३ मिमी जाड ठेवा, दोन्ही फळ्या दुहेरी चिकटपट्टीने जोडून एकत्रच आकार द्या आणि भोकंही एकत्रच पाडा, नाहीतर पातं तिरकं बसतं. पात्याच्या पिनेपासून दुसऱ्या टोकाला, दोन फळ्यांच्या मधे, शिशाची किंवा पितळेची निमुळती पाचर हवी, तिच्यामुळे फळ्यांना हलका बाक येतो आणि पातं मधोमध मिटतं. पाचर बसवायच्या आधी नुसत्या तारेवर जुळवून दहा वेळा उघडझाप करून बघा, माझे पहिले दोन प्रयत्न इथेच फसले. शिसवाचा भुसा बाधतो, मास्क लावा.

सातारकर_नातू:
खूप आभार दोघांचे, धारवाल्याला नाही म्हणून आलो. सुताराकडे चपड्याचं (लाखेचं) पॉलिश आहे, ते मुठीला चालेल का? पिन कसली घेऊ?

मीनल_लाकूडकाम:
चपडा नको, साबणाच्या पाण्याने उतरतो. उकळलेलं जवस तेल, पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

करवत_छिन्नी:
१.६ मिमीची पितळी तार आणि छोटे वॉशर. गोल डोक्याच्या लहान हातोडीने हलकं टकटक, चार ठोके एका बाजूने चार दुसऱ्या, मधे मधे पातं उघडून बघायचं. जोर लावला की शिसव तडकलंच. पातं उघडताना किंचित अडलं पाहिजे, स्वतःच्या वजनाने पडत असेल तर अजून दोन ठोके.