मदत हवी आहे : शाकाहारी बरिटोत चिकन निघाले, तक्रार कशी करावी?

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी जळगावात आम्ही सहकुटुंब एका मेक्सिकन फास्ट फूडच्या दुकानात गेलो होतो. आई माळकरी आहे, म्हणून काउंटरवर दोनदा बजावून तिच्यासाठी राजमा आणि भात भरलेला शाकाहारी बरिटो मागवला. गव्हाच्या मऊ पोळीची ती गुंडाळी तिला आवडलीही. पण तिसऱ्या घासाला राजम्याखाली चिकनचा तुकडा लागला आणि तिने हातातला घास तसाच खाली ठेवला. वेष्टनावर मात्र मार्करने ठळक ‘व्हेज’ लिहिलेले होते.

व्यवस्थापकाने माफी मागण्याऐवजी ‘गर्दीत होते असे’ म्हणत दुसरा बरिटो पुढे केला. पैसे परत मिळाले, पण आई दोन दिवस धड जेवली नाही, याचे मला फार वाईट वाटते. बिल आणि वेष्टनाचा फोटो जपून ठेवला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, एवढे मला ठाऊक आहे. आधी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, अन्न व औषध प्रशासनाच्या जळगाव कार्यालयात अर्ज द्यावा, की थेट नोटीस पाठवावी? बरिटो शिल्लक नसताना फोटो पुरेसा ठरतो का? धुळे, नंदुरबार किंवा भुसावळकडे कोणी अशी तक्रार शेवटपर्यंत नेली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.