स्वप्न आणि काकींचं जाणं

दात पडल्याचं, म्हणजे मरणाची सूचना मानलं जाणारं, स्वप्न पडलं, चौथ्या दिवशी काकी गेल्या, मी आधीच सांगायला हवं होतं, असं तुम्ही लिहिलंत. हा अपराधीपणा आधी मनातून काढा. काकी महिनाभर आजारी होत्या हेही तुम्हीच लिहिलंय. दिवसभर ज्याची धास्ती, तेच रात्री दिसणार.

हिशेब करून बघा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण १४.५ लाख. प्रत्येकाला दहा वर्षांत एकदाच असं मरणाचं स्वप्न पडतं असं धरलं, तरी पेडणे ते काणकोण, म्हणजे गोवाभर, रोज रात्री जवळपास ४०० जणांना ते पडणार. एखादं खरं ठरलं की गावभर होतं, बाकीची सकाळच्या चहापर्यंतही टिकत नाहीत.

२१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या ॲबरफॅनमध्ये कोळसा खाणीचा ढिगारा शाळेवर घसरला (आपल्या डिचोली-सांग्याच्या खाणींचे मातीचे डंप पाहिलेल्यांना कल्पना येईल). १४४ जण गेले, त्यात ११६ मुलं. जॉन बार्कर या मनोविकारतज्ज्ञाने पूर्वसूचना मिळालेल्यांकडून पत्रं मागवली, ७६ आली. पण आवाहनच दुर्घटनेनंतरचं! अशा पूर्वसूचनांची नोंद घटनेआधीच व्हावी म्हणून मग १९६७ मध्ये खास कार्यालय निघालं.

आपल्याकडे अशा वेळी देवळात प्रसाद लावून (मूर्तीला पाकळ्या चिकटवून) देवाचा कौल घेतात. मन शांत होत असेल तर जरूर घ्या. फक्त घरातल्या आजारी माणसाला स्वप्न ऐकवू नका. आणि पुन्हा पडलं तर उठल्याबरोबर तारखेसह वहीत लिहा, खोटी ठरलेलीही.