ताप मोजणारा हातातला पट्टा स्वस्तात कुठला घ्यावा? आईसाठी पाहिजे

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी, सांगलीत राहतो, आईची केमो मिरजेला चालू आहे. डॉक्टरांनी बजावलंय की ताप १००.४ ला (म्हणजे ३८ सेल्सिअस) पोचला की रात्र असो का पहाट, लगेच फोन करून निघायचं. पण आई रात्री कुणाला उठवत नाही, अंग कसकसलं तरी गोधडी ओढून पडून राहते, म्हणून म्हटलं असा पट्टा घ्यावा की ताप आला की माझ्या मोबाईलवर अलार्म वाजेल. बजेट दोन-अडीच हजार. भरवसा ठेवता येतो का?

सातारा_सोल्डर
सेन्सरचंच काम करतो म्हणून सांगतो, सेन्सर वाईट नसतो, मॅक्स३०२०५ चिप ३७ ते ३९ च्या मधे ०.१ डिग्रीपर्यंत बरोबर दाखवते, पण मनगटावर बांधली की ती कातडीचं तापमान सांगणार, आतलं नाही. ते साधारण ३२-३४ असतं, पंखा लावला की उतरतं, हात गोधडीत घेतला की चढतं. चांगली स्मार्ट घड्याळं, बोटातल्या स्मार्ट अंगठ्यासुद्धा रात्रभराचं बघून तुमच्या नेहमीपेक्षा किती वर-खाली तेवढंच सांगतात, तेही बहुतेक सकाळी. तुम्हाला पाहिजे रात्री. घ्यायचंच तर काखेत चिकटवायचा ब्लूटूथ पॅच बघा, मोबाईल त्याच खोलीत ठेवा.

वॉर्डातली_ताई
दादा, केमोच्या पेशंटला पट्ट्याच्या जिवावर अजिबात सोडू नका. ताप चढताना थंडी वाजते ना, तेव्हा हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, हात गार पडतात आणि मनगटावरचा आकडा उलट खाली जातो, म्हणजे नेमक्या वेळेला फसवणार. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काख कोरडी पुसून टोक आत नीट बसवा, बीप होईपर्यंत हात अंगाशी दाबून धरा. काखेत तोंडापेक्षा थोडं कमी भरतं, फोनवर सांगताना "काखेतलं आहे" म्हणून सांगा. हुडहुडी भरली तर आकडा नॉर्मल असला तरी फोन करा. आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो.

कृष्णाकाठचा
माझ्या वडिलांच्या उशाशी दाराची वायरलेस बेल ठेवलीय, बटण त्यांच्या हाताशी, बेल माझ्या खोलीत. हाका मारायला लाजायचे, बटण दाबतात.

विश्रामबागकर
ताई, हात गार पडायचं कुणीच सांगितलं नव्हतं, लय उपकार. पट्टा रद्द, थर्मामीटर आणि बेल आजच आणतो. पॅचच्या गोंदानं कातडी सोलणार नाही ना, आधीच नाजूक झालीय?

वॉर्डातली_ताई
सोलू शकते, केमोत कातडी कोरडी पडते. केमोच्या पुढच्या सायकलला (फेरीला) जाल तेव्हा डॉक्टरांना दाखवून मगच लावा.