'सेल सगळ्यांचे सारखेच' म्हणणाऱ्यांनी एकदा मंगलाष्टकं शूट करून बघा

वरातवाला

काल एकाने टाकलेली पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. त्याचं म्हणणं एवढंच, की कॅमेऱ्याची ओरिजिनल बॅटरी घेणारे नुसत्या नावाचे पैसे मोजतात, आतले वीज साठवणारे सेल सगळ्यांचे सारखेच, एका ओरिजिनलच्या पैशात थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच कंपन्यांनी बनवलेल्या, तीन-चार येतात, एक मेली तरी बाकीच्या आहेतच. खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणून माना डोलवतायत. तिथे उत्तर लिहायला बसलो ते एवढं लांबलं की इथे वेगळंच टाकतोय.

मी लग्नं शूट करतो, चौदावा सीझन. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सांगलीकडचं लग्न, दुपारचा मुहूर्त, हॉल खचाखच. शेवटचं मंगलाष्टक चालू, मी अंतरपाटाच्या बाजूला, स्क्रीनवर बॅटरी ४३ टक्के. आणि कॅमेरा गेला. हळूहळू खाली येत नाही, ४३ वरून एकदम काळोख. म्हटलं बदलू, तर दार उघडल्यावर बॅटरी बाहेरच येईना, फुगून कप्प्यात घट्ट बसलेली. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, हार घातले आणि मी तिथे खाली बसून नखाने बॅटरी उचकटतोय. दुसऱ्या बॉडीवर, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर, माझा पोरगा होता पण त्याच्याकडे ८५ची लेन्स, जवळून चेहरे घ्यायची, त्याने नवरा-नवरीचे चेहरे घेतले, बरोबरच केलं त्याने. पण मुलीची आजी खुर्चीवरून उठून कुणाचा तरी हात धरून अक्षता टाकायला पुढे आली होती, तिचा एकही फोटो नाही. अल्बम द्यायला गेलो तेव्हा त्यांनी सगळी पानं उलटली आणि मला विचारलं, "मी कुठंय रे बाळा?"

कप्पा दुरुस्त करायला जे गेले त्यात दोन ओरिजिनल आल्या असत्या. तेव्हापासून माझ्या बॅगेत थर्ड पार्टी नाही आणि माझ्याकडच्या पोरांच्या बॅगेतही चालत नाही. ज्यांना रविवारी फुलांचे फोटो काढायचेत त्यांनी काय हवं ते घ्यावं.

पक्षीवेडी

शेवटचं वाक्य वाचून लिहितेय. रविवारी फुलांचे फोटो म्हणजे काय? मी रात्री तीनला पुण्यातून निघते आणि उजाडायच्या आत भिगवणला बोटीत असते. ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा घेऊन उडतो तो पत्रिकेत वेळ छापून उडत नाही. तुमचा मुहूर्त तेवढा खरा आणि आमचा सगळा टाइमपास, असं नका बोलू दादा.

माझ्याकडे सोनीची ए७ फोर आहे, तिची एक ओरिजिनल एफझेड१०० बॅटरी आणि तीन थर्ड पार्टी. तिन्हींना अंगातच सी टाइप सॉकेट आहे, बोटीत एक पॉवर बँकेला लावून ठेवते, चार्जर न्यायचा नाही की प्लग शोधायचा नाही. ओरिजिनलला ही सोय नाही, पैसे मात्र तिप्पट-चौपट. तीन वर्षं झाली, एकही फुगलेली नाही, ओरिजिनलपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी चालतात हे मात्र आहे आणि ते मी लपवत नाही.

आणि तुमच्या गोष्टीत तीन गोष्टी सुटल्यात. ती बॅटरी किती जुनी होती, कितीला घेतली होती, कुठे ठेवत होतात?

शिकाऊ_२००डी

मध्येच विचारतो, सॉरी. कॅननची २००डी आहे, एलपी-ई१७ बॅटरी, एकच आहे. गणपतीत सोसायटीचे दहा दिवस कार्यक्रम आहेत. दुसरी कुठली घेऊ?

सर्किटकाका

मी दुरुस्तीचं काम करतो, मेलेल्या बॅटऱ्या उघडतो. तुम्ही कुणी घरी उघडू नका. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे म्हणून लिहितो.

सेल सारखेच असतात हे साफ चूक. पण कॅमेरा कंपनी म्हणजे सेल तिनेच बनवलेला हेही धरून चालू नका. १९९१ मध्ये लिथियम आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली सोनीने, आणि त्याच सोनीने बॅटरीचा धंदा २०१७ मध्ये मुराटा या जपानी कंपनीला विकला. सेल चांगल्या कारखान्याचा की फेकलेल्या मालातला, प्रश्न एवढाच.

आता आकडे. कॅननची एलपी-ई६ बॅटरी बघा. २००८ मध्ये ५डी मार्क टू कॅमेऱ्याबरोबर आली तेव्हा १८०० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा), मग ई६एन १८६५, २०२० मध्ये ई६एनएच २१३०. तोच डबा, बारा वर्षं, आणि वाढ झाली ३३०ची. मग त्याच डब्यावर कुणी ३००० छापून विकतो तेव्हा ते नुसतं छापलेलं असतं. असला आकडा दिसला की बॅटरी खाली ठेवायची आणि दुकानाबाहेर पडायचं.

खरा फरक सर्किटचा. या बॅटरीत दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून ७.२ व्होल्ट. मी उघडलेल्या अगदी स्वस्त बॅटऱ्यांत दोन सेलच्या मधून सर्किटकडे जाणारी वायरच नव्हती. म्हणजे सर्किटला एकूण व्होल्टेज कळतं पण कुठला सेल आधी खाली चाललाय ते कळत नाही. एक थकला की दर वेळी तोच जास्त पिळला जातो आणि शेवटी तोच फुगतो. वरातवाले, ४३ वरून काळोख झाला त्याचं कारण बहुतेक हेच. टक्का सर्किट अंदाजाने सांगत होतं, सेल कधीच बसला होता.

वरातवाला

काका, हेच तर म्हणतोय मी. ती वायर आहे की नाही हे मी दुकानात उभं राहून कसं बघणार? ओरिजिनलचे जास्तीचे पैसे मी त्या वायरचे देतो.

पक्षीवेडी ताई, फुलांचं बोललो ते चुकलं, मागे घेतो. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: साडेतीन वर्षं जुनी, स्वस्तातलीच होती, आणि बॅग सीझनभर गाडीच्या डिकीत असायची. मे महिन्यातसुद्धा. मान्य. पण त्याच बॅगेत, त्याच डिकीत दोन ओरिजिनल होत्या आणि त्या आजही चालतात.

पक्षीवेडी

म्हणजे सगळ्यात स्वस्तातली बॅटरी, साडेतीन वर्षं, उन्हात तापलेल्या डिकीत. आणि शिक्षा सगळ्या थर्ड पार्टीला. दुकानातल्या सगळ्यात स्वस्त बॅटरीची तुलना सगळ्यात महागाशी करायची आणि मधल्या चांगल्यांचं नावही घ्यायचं नाही, याचाच राग येतो मला.

आणि ओरिजिनल म्हणजे देवाचं लेणं नाही. २०१२ मध्ये निकॉनने ईएन-ईएल१५ बॅटरीचे काही लॉट परत मागवले होते, गरम होऊन आकार बिघडू शकतो म्हणून. ओरिजिनलच होत्या त्या. २००६ मध्ये डेलने ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या, त्यात सेल सोनीचे.

वरातवाला

परत मागवल्या ना? मेल आला, जाहीर केलं, बदलून दिल्या. माझी फुगली तेव्हा बनवणाऱ्याचा पत्ताच नव्हता डब्यावर. मी कुणाकडे जायचं होतं?

पक्षीवेडी

हे बरोबर आहे. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वारीचा_वाटसरू

मी दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जातो कॅमेरा घेऊन. दिवे घाटात एका दिवसात दोन बॅटऱ्या संपतात आणि रात्री राहुटीत प्लगसाठी पन्नास मोबाइल रांगेत. मला सहा बॅटऱ्या लागतात, सहा. ओरिजिनल सहा घेतल्या तर त्या पैशात चांगली लेन्स येते. तुमचं बजेट लग्नवाल्यांकडून वसूल होतं, माझं माझ्या पगारातून जातं, 'ओरिजिनलच घ्या' म्हणायला सोपं आहे.

आणि कंपन्यांची बाजू घेताना हेही बघा. २०१३ मध्ये निकॉनच्या डी३२००, डी५२०० वगैरेंच्या फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर थर्ड पार्टी ईएन-ईएल१४ बॅटऱ्या चालेनात. चांगली असो वाईट असो, बंद. आता कॅनन आर५ मार्क टू घ्या, त्याला नवी एलपी-ई६पी आली. जुनी ओरिजिनल ई६एनएच घातली तर चालते पण काही फीचर मिळत नाहीत. म्हणजे ज्याने इमानदारीत चार ओरिजिनल घेऊन ठेवल्या त्याचे पैसे गेलेच ना?

सर्किटकाका

आर५ मार्क टूचं कारण खरं आहे हो. त्या बॉडीला जास्त करंट लागतो, जुनी बॅटरी तेवढा देत नाही. फर्मवेअरचं मात्र तुमचं बरोबर.

पेंटाप्रिझम

इतका वेळ गप्प वाचत होतो. तुमच्या भांडणाचं मूळच वेगळं आहे. सहा बॅटऱ्या, बोटीत पॉवर बँक, हे सगळं मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, सतत स्क्रीनवर चालणारा कॅमेरा घेतल्यामुळे! माझ्या निकॉन डी८५०चा सिपाचा आकडा, म्हणजे कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या ठरलेल्या मोजणीने एका बॅटरीत किती फोटो निघतात तो, १८४०. त्याच कंपनीची मिररलेस झेड७, त्याच मापाची बॅटरी, आकडा ३३०. मी स्पितीला जानेवारीत आठ दिवस होतो, दोन ओरिजिनल नेल्या, एक शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला, आणि परत आलो तेव्हा दुसरीत चार्ज शिल्लक होता. आरशातून बघायला वीज लागत नाही. चांगली चाललेली आरशाची डीएसएलआर विकून लोक बॅटऱ्या खाणारं यंत्र घेतात आणि मग बॅटरी महाग म्हणून रडतात.

पक्षीवेडी

सिपाचा आकडा कसा काढतात माहीत आहे का? दर ३० सेकंदांना एक फोटो, मध्ये मध्ये कॅमेरा बंद-चालू. पक्षी असा कुणी शूट करत नाही. बर्स्टला, म्हणजे धडाधड सलग फोटो घेताना, एका बॅटरीत माझे दोन हजारांवर फोटो जातात. आणि तुमची डी८५० बॅटरीसकट १००५ ग्रॅम, माझी बॉडी ६५८. तो साडेतीनशे ग्रॅमचा फरक माझ्या मनगटाला विचारा, दिवसभर २००-६०० लेन्स हातात धरून. ऑटोफोकस पक्ष्याचा डोळा पकडतो त्याची किंमत आरशाला नाही.

पेंटाप्रिझम

डोळा कॅमेरा पकडतो म्हणून तुम्ही पक्षी ओळखायचं विसरलात. दोन हजार फोटो काढायचे आणि घरी येऊन एक निवडायचा, याला मी फोटोग्राफी म्हणत नाही.

पक्षीवेडी

हे मात्र ऐकून घेणार नाही. मी नऊ वर्षं आधी नुसत्या दुर्बिणीने पक्षी बघितलेत, वहीत नोंदी आहेत माझ्या, कॅमेरा नंतर आला. तुम्ही मला ओळखत नाही, माझं काम बघितलं नाही आणि मी पक्षी ओळखायचं विसरले?

वारीचा_वाटसरू

पेंटाप्रिझम काका, दिवे घाटात माणसांच्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून स्क्रीनकडे बघत शूट करावं लागतं. तिथे तुमच्या आरशाचा काय उपयोग? लाइव्ह व्ह्यू लावला की तुमची डीएसएलआरही तशीच बॅटरी खाते.

वरातवाला

व्हिडिओलाही तेच. अर्धं काम आज व्हिडिओचं आहे, तिथे आरसा वरच उचलून ठेवावा लागतो. धागा बॅटरीचा आहे, तुम्ही लोकांच्या कामावर घसरू नका.

पेंटाप्रिझम

ताई, वैयक्तिक बोललो ते जास्त झालं. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. कमी वीज खाणारा कॅमेरा असेल तर ओरिजिनल परवडते, कारण एक-दोनच लागतात.

वरातवाला

काल रात्री बसून एक केलं. भाच्याची ए७ थ्री आणली, घरात पंख्याखाली, फोरके रेकॉर्डिंग, स्क्रीन चालू. तिची क्लिप २९ मिनिटांनी तुटते त्यामुळे दर वेळी उठून बटण दाबत बसलो. माझी दोन वर्षं वापरलेली ओरिजिनल २ तास ४० मिनिटं गेली. पक्षीवेडी ताई वापरतात त्यातली एक नवी थर्ड पार्टी मित्राकडून मागून आणली होती, ती २ तास २५. मला वाटलं होतं दीड तासात बसेल. नाही बसली. टक्काही नीट उतरला, शेवटी सात-आठवरून बंद झाली एवढंच.

तरी मंगलाष्टकाला मी ओरिजिनलच घालणार. हळदीला, संगीतला, बिहाइंड द सीनला पोरांनी या वापरल्या तर यापुढे बोलणार नाही. आणि बॅग आता डिकीत ठेवत नाही.

पक्षीवेडी

नवी आणि जुनी अशी तुलना आहे ही, दोन वर्षांनी पुन्हा करा. पण केलीत, आणि आकडे जसे आले तसे लिहिलेत, त्याबद्दल धन्यवाद. माझ्या बॉडीतही पहिली बॅटरी ओरिजिनलच असते, हे मीही आधी लिहायला हवं होतं.

शिकाऊ_२००डी

माझं राहिलंच. मी काल एक घेतली शेवटी, थर्ड पार्टी एलपी-ई१७. खोक्यावर १८०० एमएएच लिहिलंय. कॅननच्या चार्जरला लावली की दिवा नुसता लुकलुकतो, बरोबर जो चार्जर दिलाय त्यावर चालते.

सर्किटकाका

अरे देवा. ओरिजिनल एलपी-ई१७ असते १०४०ची. लेबल नीट बघ, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण, आयएस १६०४६ आणि खाली आर आणि पुढे आठ आकडी नंबर आहे का? आपल्याकडे विकायला तो नंबर लागतोच.

शिकाऊ_२००डी

नाही. कसलाच नंबर नाही.

वरातवाला

परत कर.

पक्षीवेडी

परत कर. यात आमचं दोघांचं एकमत आहे.

पेंटाप्रिझम

आणि तुला दुसरी लागतेच असं नाही. लाइव्ह व्ह्यू बंद ठेव, डोळा लावून शूट कर, २००डीचा सिपाचा आकडा ६५० आहे. आरतीला आणि कार्यक्रमाला एक पुरते, रात्री चार्ज करायची.

शिकाऊ_२००डी

दुकानदार म्हणतो परत नाही, बदलून देईन.

वरातवाला

त्याच खोक्यातली दुसरी देईल. बिल दाखव आणि पैसे माग.

शिकाऊ_२००डी

बिल दिलं नव्हतं. बिलावर घेतली तर दीडशे जास्त म्हणाला होता.

सर्किटकाका

मग ती चार्जला लावून झोपू नकोस, आणि कॅमेऱ्यात ठेवून तर अजिबात नको. मेल्यावर घंटागाडीत टाकू नकोस, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात दे. ते गाडीत दाबलं गेलं की पेट घेतं.