लाझर वाइनरची यिडिश गाणी: हा माणूस इतकी वर्षं होता कुठे?

बेसूर_बासरी
लोकहो, गेले दोन आठवडे लाझर वाइनर नावाच्या संगीतकाराने डोकं खाल्लंय. ऐकायला बसलो होतो रशियन संगीतकार प्रोकोफिएवचं ते क्लॅरिनेट, पियानो आणि चार तंतुवाद्यांचं 'हिब्रू थीम्सवरचं ओव्हर्चर', आणि एकावरून दुसऱ्यावर जाता जाता या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) गाण्यांपाशी येऊन थांबलो. यिडिश म्हटलं की मला ज्यू लग्नात वाजवतात ते क्लेझ्मर संगीत नाहीतर नाटकातली गाणी आठवायची, हे त्यातलं काहीच नाही. एक गायक, एक पियानो, आणि तो पियानो नुसती साथ करत नाही, मधेच स्वतःचं काहीतरी बोलून जातो. एवढं चांगलं असून कुणाला माहीत कसं नाही? नाझींनी भाषाच संपवली म्हणून? आणि भाषेचा गंध नसताना ऐकायचं कसं?

खर्जातला
गंमत म्हणजे तुम्ही ज्या दारातून आलात त्याच दारातून वाइनरही आला. ते ओव्हर्चर प्रोकोफिएवने १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिहिलं ते झिम्रो नावाच्या ग्रुपसाठी, रशियातून आलेले सहा जण, क्लॅरिनेटवर सिमिऑन बेलिसन. याच झिम्रोला ऐकून वाइनरला ज्यू संगीताचं वेड लागलं. त्याआधी त्याचं असं काही नव्हतं. जन्म १८९७, चेर्कासी, म्हणजे आजचं युक्रेन. लहानपणी कीवच्या ब्रॉडस्की सिनेगॉगच्या (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात गायचा, १९१४ ला अमेरिकेत आला आणि पियानोवर लोकांना साथ करून पोट भरायला लागला. यिडिश कवितेची गोडी लावली ती एन. बी. मिन्कोव्ह या कवी मित्राने.

हे आपल्या भावगीतासारखं समजा, आधी कविता, मग चाल. म्हणून कवितेचा अर्थ समोर ठेवून ऐका, नाहीतर निम्मं हातातून जातं. 'एर्गेट्स वाइट' पासून सुरू करा (वाइट म्हणजे दूर हो, वाईट नाही!). 'कुठेतरी दूर' अशी ती कविता, एच. लेविकची, जो झारच्या काळात सायबेरियात हद्दपार होता आणि तिथून पळून १९१३ ला अमेरिकेत पोचला. एवढं माहीत असलं तरी ऐकणं बदलतं.

नाझींचं म्हणाल तर ते अर्धंच उत्तर झालं. पूर्व युरोपातले वाचणारे-ऐकणारे गेले हे खरंच, पण वाइनर न्यूयॉर्कमध्ये १९८२ पर्यंत होता, शेकड्यांनी गाणी केली, कामगारांच्या यिडिश कॉयरला कित्येक वर्षं शिकवलं. पण समोर बसलेल्यांची पोरं इंग्रजीत वाढली. ज्यांच्या घरी यिडिश होती त्यातल्या बऱ्याच जणांना नाटकातल्या चाली हव्या होत्या, आणि जे रिसायटलला जायचे ते शूबर्टची जर्मन गाणी ऐकायला जायचे. आज घरात यिडिश बोलणारे बहुतेक हसिदी, म्हणजे कर्मठ धार्मिक ज्यू, ते असल्या मैफलीला कशाला येतील? म्हणजे गाणी इथलीही नाहीत, तिथलीही नाहीत.

चेलोवाली
गाण्यांवरच थांबू नका हो, चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाद्यांचं संगीत, राहिलंच की! १९०८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ज्यू लोकसंगीताची सोसायटी निघाली, कॉन्झर्व्हेटरीतली पोरं, त्यातला माझा लाडका लिओ झाइटलिन. १८८४ ला पिन्स्कमध्ये जन्म, व्हायोला वाजवायचा. त्याचं 'एली झिऑन' चेलो-पियानोवर ऐका. मूळ चाल जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवशी म्हणतात ती, आणि तिच्यात त्याने 'साँग ऑफ साँग्ज' हे बायबलमधलं प्रेमकाव्य वाचायची पारंपरिक धाटणी गुंफलीये, म्हणजे शोक आणि शृंगार एकाच चेलोवर. मी वाजवलंय, नोटा कठीण नाहीत, श्वास कठीण आहे, वाक्य बोलल्यासारखं वाजलं नाही तर नुसतं रडगाणं होतं. हा माणूस अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कच्या एका सिनेमा थिएटरच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होता आणि १९३० मध्ये गेलासुद्धा, पन्नाशीही नाही. वाइनरला निदान आयुष्य तरी मिळालं.

लीडवेडा
गाणाऱ्यांसाठी एक सूचना, मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. जर्मन लीड, म्हणजे कवितेवर बांधलेली पियानोसोबतची गाणी, शिकलेला माणूस यिडिश बघतो आणि म्हणतो, अरे हे तर येतंच. नाही येत. जर्मनचा तो मऊ 'इश्श' सारखा 'इख' इथे नाही, सरळ घशातून खरवडलेला ख. तोंडाचा चंबू करून म्हणायचे स्वरही नाहीत, 'श्योन' चं इथे 'शेन' होतं. त्यात जुन्या छापील प्रतींमध्ये रोमन स्पेलिंग जर्मन वळणाचं असतं, कारण नोटा डावीकडून उजवीकडे आणि यिडिश लिपी उजवीकडून डावीकडे, मग शब्द स्वरांखाली बसवायला रोमनच सोयीचं. ते स्पेलिंग बघून गायलात की झालं, ऐकणाऱ्याला वाटतं जर्मन माणूस नक्कल करतोय.

बेसूर_बासरी
बापरे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. अर्थ समोर ठेवून ऐकलं आणि खरंच फरक पडला. मिल्केन आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ज्यू संगीताच्या संग्रहाच्या साइटवर वाइनरचं बरंच सापडलं, आणि त्याचा मुलगा येहुदी वायनर स्वतः मोठा संगीतकार आहे, २००६ चा पुलित्झर, हे आज कळलं. एक शंका राहिली. एक गायक 'उन' म्हणतो आणि दुसरा 'इन', अर्थ दोन्हीकडे 'आणि'. चुकतंय कोण?

लीडवेडा
कुणीच नाही. लिथुआनियाकडे 'उन', पोलंड-युक्रेनकडे 'इन'. पुस्तकी उच्चार पहिल्याच्या जवळचा, म्हणून क्लासमध्ये तोच शिकवतात. पण कवी दक्षिणेकडचा असेल, इट्सिक मांगरसारखा, तर पुस्तकी उच्चारात त्याची काही यमकं सुटतात. ओळींचे शेवट मोठ्याने वाचून बघा, यमक कुठल्या उच्चारात जुळतंय ते कानालाच कळेल, मग तोच धरा.