बी-३०४ चा जळालेला प्लग: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

रविवार, सकाळी ७:४२

बी-३०४: बाथरूमबाहेरच्या बोर्डातून प्लास्टिक जळाल्याचा वास आला म्हणून धावत गेले. गिझरचा प्लग काळा पडलाय, वितळून सॉकेटलाच चिकटलाय. गिझर दोन महिन्यांपूर्वीच घेतला. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडलाच नाही. असं कसं झालं?

सेक्रेटरी: ताई, आधी डीबीतून, म्हणजे घरातल्या एमसीबीच्या पेटीतून, त्या लाइनचा एमसीबी खाली करा. प्लगला हात लावू नका. मी वर येतोय.

बी-३०४: केला खाली.

सी-२०२: गिझरच खराब निघाला असणार. बदलून मागा.

ए-१०१: ताई, गिझरच्या स्टिकरवर किती वॉट लिहिलेत? आणि जाड पिन थेट बसते की मध्ये कन्व्हर्टर आहे?

बी-३०४: २००० वॉट, २३० व्होल्ट. तिथे छोटंच सॉकेट आहे सर, म्हणून बसवणाऱ्याने कन्व्हर्टर लावून दिला.

ए-१०१: मग गिझरचा दोष दिसत नाही. आयटीआयला मी तीस वर्षं वायरमनच्या मुलांना हेच शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गिझर घरोघरी आहेत, सगळ्यांनी वाचा.

वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. छोटं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. आता व्होल्टला अँपिअरने भागा: २३० ÷ ८.७ = साधारण २६.५ ओहम. हा झाला कॉइलचा रेझिस्टन्स.

एमसीबी का पडला नाही? त्या लाइनला १६ चा असणार. त्याच्यातून ८.७ जातात, म्हणजे त्याच्या लेखी सगळं ठीक. पुढचं सॉकेट किती अँपिअरचं, पिन घट्ट की सैल, हे त्याला कळायला मार्गच नाही. करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच, आरसीसीबी, तोही पडणार नाही, कारण इथे करंट गळत नाहीये.

आता पिनेचं बघा. करंट गुणिले करंट गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे त्या जागी तयार होणारी उष्णता. सैल पिनेपाशी समजा फक्त ०.३३ ओहम आहे. ८.७ × ८.७ × ०.३३ = २५ वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, तिने सोल्डर वितळतं. तेवढी उष्णता तुमच्या सॉकेटमध्ये, बंद प्लास्टिकच्या आत. त्याच सैल सॉकेटवर मोबाइल चार्जर वर्षानुवर्षं चालतो, कारण तो जेमतेम ०.१ अँपिअर ओढतो. करंटचा वर्ग होतो ना, सगळा फरक तिथे पडतो.

बी-३०४: बाप रे. दोन महिने रोज लावत होते.

सी-५०१: सर, आमच्याकडे सकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. मग गिझर जास्त करंट ओढत असेल ना?

ए-१०१: नाही, उलट कमी. कॉइलचा रेझिस्टन्स जवळजवळ तोच राहतो. १९० ÷ २६.५ = ७.२ अँपिअर, आणि १९० × ७.२ = साधारण १३७० वॉट. व्होल्टेज सतरा टक्के उतरलं, पॉवर मात्र तीसएक टक्के घटली. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला २००० वॉटला सोळा मिनिटं लागतात, १३७० ला तेवीस. युनिट दोन्हीकडे अर्ध्याच्या आसपासच. पण मोटर, फ्रिज, एसी यांना हा सरळ भागाकार लावू नका, त्यांचं गणित वेगळं.

ए-४०३: आमचा बारावीतला चिरंजीव विचारतोय, जुन्या १०० वॉटच्या बल्बचा हिशोब ५२९ ओहम येतो, मल्टिमीटर चाळीसच दाखवतो. कोण चुकतंय?

ए-१०१: कोणीच नाही. मीटर थंड तार मोजतो. पेटल्यावर टंगस्टन पांढरं तापतं आणि रेझिस्टन्स कितीतरी पट वाढतो. प्रश्न फार छान विचारलाय, त्याला सांगा. आणि ओहम मोजताना वस्तू प्लगमधून काढलेलीच हवी, हेही सांगा.

सी-२०२: सर, आमचं सॉकेट १६ चं आहे, कन्व्हर्टर नाही. तरी गिझर चालू असताना प्लग कोमट लागतो. चालतं का?

ए-१०१: नाही. गिझर बंद ठेवा. बुधवारी वायरमन येतोय, मी सोबत येतो.

बुधवार, संध्याकाळी ६:१५

ए-१०१: सी-२०२ चं मोजमाप. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) डीबीत एकट्या फेजच्या वायरीवर लावला (फेज-न्यूट्रल दोन्हींवर मिळून लावला तर शून्य दाखवतो): ८.२ अँपिअर. डीबीत २२२ व्होल्ट, गिझरच्या टर्मिनलवर २१७. कॉइल २१७ ÷ ८.२ = २६.५ ओहम, अगदी ठणठणीत.

पण मधले ५ व्होल्ट गेले कुठे? ५ × ८.२ = ४१ वॉट वाटेतच तापतायत. वायर २.५ चौरस मिमीची, जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे ०.१८ ओहम. तिच्यात दीड व्होल्ट जाणं बरोबर आहे, आणि ती उष्णता सगळ्या लांबीवर विभागली जाते. उरलेले साडेतीन व्होल्ट, म्हणजे २९ वॉट, एका जागी. सॉकेट उघडलं तर न्यूट्रलचा स्क्रू अर्धा वळसा सैल, तांबं काळं पडलेलं.

सी-२०२: बोर्ड बाहेरून अगदी नव्यासारखा दिसत होता सर. रविवारी गिझरला दोष दिला, तो शब्द मागे घेतो.

ए-१०१: काळी तार कापून नवं टोक काढलं, सॉकेट बदललं, पुन्हा मोजलं. आता फरक १.६ व्होल्ट.

बी-३०४: माझ्याकडे छोट्या सॉकेटमागे १.५ ची वायर निघाली. उद्या डीबीपासून २.५ ची नवी ओढून १६ चं सॉकेट बसवतोय. तोवर पाणी गॅसवर.

सेक्रेटरी: शनिवारी वायरमन दिवसभर इथेच आहे. ज्यांच्याकडे कन्व्हर्टर आहे किंवा प्लग कोमट लागतो, त्यांनी फ्लॅट नंबर टाका.

ए-४०३: ए-४०३.

सी-५०१: सी-५०१. इस्त्रीचा प्लगही बघायचाय.